अबोली घालवून आणा

माझ्या दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. मिस्त्री कुठे बसलाय ते शोधत असायचा. मागे नुसती भिंत होती. मग तो विचारायचा, "भाई नहीं है क्या?" मी म्हणायचे, "भाई मैंच हूँ. काय बिघडलंय?"

एकतीस वर्षं हा प्रश्न ऐकला. उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधे माझा आठ बाय दहाचा गाळा होता. दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनचा खडखडाट, आणि मधे मी इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करत बसलेली. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी गिटार पाहिलेली नाही. मी अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये पंख्याच्या आणि पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. जळलेली कॉइल काढायची, नवी तार गुंडाळायची, हे काम. एकदा एक ऑर्केस्ट्रावाला रडकुंडीला येऊन गिटारीचा एक तुकडा घेऊन आला. सगळीकडून नकार मिळालेला. मी उघडून बघितलं तर आत कॉइलच! म्हटलं, मोटारीची होते तर हिची का नाही होणार?

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली एक चपटी पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढ्यांची. वरची तार छेडली की या कॉइलमध्ये किंचित वीज तयार होते, ती स्पीकरपर्यंत जाते आणि आवाज येतो. कॉइल कुठे तुटली की खेळ खलास. ही तार एवढी नाजूक की हाताने गुंडाळताना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. मधेच थांबलं तर ताण बिघडतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून वाइंडिंग चालू असताना मी कुणाशी बोलत नसे, फोन घेत नसे.

दुकानात आमची एक भाषा तयार झाली होती, मीच सुरू केलेली. आवाज दबका येत असेल तर गिटारीचा घसा बसलाय. खरखर करत असेल तर ती बोबडी. आणि काही म्हणजे काहीच आवाज येत नसेल, तर ती अबोली. गिऱ्हाइकंही तेच बोलायला लागली. "ताई, परत अबोली झाली बघा," असं म्हणत गिटार टेबलावर ठेवायची.

एकेक नग येत. एका जीन्सवाल्याच्या मुलाला गिटारीवर डेनिम चिकटवून हवं होतं, तेही फाटकं. दिलं चिकटवून. एकदा हळदीच्या ऑर्केस्ट्रातला एक जण घामाघूम होऊन आला. संध्याकाळी कार्यक्रम आणि गिटार अबोली. मी हातात घेतली तर आवाजाचं बटण शून्यावर! पण माणसाचा चेहरा बघून मला ते सांगवेना. उगाच दोन स्क्रू काढले, परत लावले, त्याला चहा पाजला आणि बटण फिरवून गिटार परत दिली. पैसे घेतले नाहीत. तो आजही लोकांना सांगतो की ताईचा हात लागला की गिटार बोलते. मी काही बोलत नाही.

एवढा हात होता, नाव होतं, पण माझी स्वतःची गिटार कधीच नव्हती. लोकांच्या हजारभर गिटारी मी बोलत्या केल्या आणि दिल्या. गाळा विकून घरी बसायचं ठरवलं तेव्हाही मनात गिटार नव्हती, फ्लॅट होता. अंबरनाथ पश्चिमेला आम्ही नवरा-बायको वन रूम किचनमध्ये राहतो. गाळ्याच्या पैशातून आणखी एक खोली असलेलं घर घ्यायचं, हे आमचं जुनं स्वप्न. शेजारचा चेन-बटणांचा सिंधी व्यापारी ईश्वरशेठ गाळा घ्यायला तयार होता. बोलणी पक्की झाली होती.

अशातच एका दुपारी माझं शेवटच्या काही कामांपैकी एक वाइंडिंग चालू होतं आणि फोन वाजला. वाजला, बंद झाला, परत वाजला. वैतागून मी तो स्पीकरवर टाकला. दोन्ही हात तारेवर, डोळे तारेवर आणि तोंड फोनकडे.

"गितारवाल्या ताई का?"

"बोला."

"मी बदलापूरशी हौसाबाई बोलतंय. आमच्या मालकांची गितार हाय. ते गेलं. आता आमी बिल्डिंगमंदी जानार, तितं जागा नाय. इकायची हाय."

"कशी आहे गिटार?"

"अबोली हाय."

"पहिल्यापासून अबोली?"

"हां, मंग! आनली तवापासून. मालकांना लय आवरायची."

इथे मी थांबायला हवं होतं. आणल्यापासून मुकी असलेली गिटार कोणाला आवडेल? पण लक्ष सगळं वेढ्यांकडे. मी म्हटलं, "आजी, अबोलीला कोणी विचारत नाही हो. आधी ती अबोली घालवा, मग आणा. मग किमतीचं बघू."

"घालवायची? आख्खी?"

"आख्खी. जराही राहता कामा नये."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवला. मी वहीत लिहिलं, 'बदलापूर, अबोली, कॉइल गेली असणार,' आणि विसरून गेले.

चार दिवसांनी परत तिचाच फोन. या वेळी हात मोकळे होते.

"ताई, तुमी बोल्लात तशी पोरानं सकाली गॅरेजला नेऊन दिली. आज घासून काराची न उद्या काला मारनार. काला चालंल ना?"

"काय घासून काढायची?"

"अबोली. तुमीच बोल्लात ना, जराबी ठेवू नका."

 तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. अबोली! रंग! बाई असून मला रंग कळला नाही. माझ्या लग्नातला शालू अबोली रंगाचा. साडीच्या दुकानात लाइट गेलेली असतानाही गुलबक्षी आणि डाळिंबी वेगळे करून दाखवीन अशी मी, आणि माझ्या कानांना एकतीस वर्षांत एवढी सवय लागली होती की अबोली म्हणजे बिघडलेली!

"आजी, गिटार आणली कुठून होती?"

"मालक अंबरनाथला कारखान्यात होतं. तितं मशिनी बसवाला परदेशी साब आला व्हता. जाताना त्याच्याकरशी घेतली. लय जुनी गोष्ट."

 पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशातल्या कारखान्यांत गिटारी बहुतेक पिवळट तपकिरी, कडेला काळसर अशा रंगाच्या निघत. वेगळा रंग हवा असेल तर जादा पैसे भरून मागवावा लागे, आणि तो रंग म्हणजे त्या काळच्या मोटारगाड्यांचाच. बहुतेक लोक लाल नाहीतर निळा मागवत. असा अबोली मागवणारे फार थोडे, आणि ज्यांनी मागवला त्यांतल्या कित्येकांनी नंतर बायकी रंग म्हणून वरून काळा मारून घेतला. मूळ रंगातली असली गिटार मी फक्त फोटोत बघितली होती. ती बदलापुरात होती, आणि माझ्या सांगण्यावरून आत्ता, या क्षणी तिची साल काढली जात होती.

"पोराला फोन करा! आत्ता! म्हणावं, थांबवा!"

"त्यो जागेच्या मीटिंगला गेलाय. फोन उचलत नाय."

गॅरेज कुठे ते विचारलं आणि चपला घालत बाहेर पडले. ईश्वरशेठ दारात स्कूटर पुसत होता.

"ताई, कहाँ आग लगी?"

"बदलापूरला. चला, गाडी काढा."

ईश्वरशेठ चांगला माणूस, पण स्कूटर अशी चालवतो जशी मागे काचेची भांडी ठेवली आहेत. कल्याण-बदलापूर रोडला रिक्षा आम्हाला ओव्हरटेक करून जात होत्या. अंबरनाथला त्याने पेट्रोल पंपावर वळवली. मी किंचाळले, "शेठ, आत्ता?" तो म्हणाला, "साईं, बगैर पेट्रोल के धक्का तुम मारोगी?" पुढे तीन माणसं रांगेत होती. तेवढ्या वेळात मी त्याला, स्वतःला आणि आख्ख्या पेट्रोल पंपाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

गॅरेजच्या बाहेरूनच घासायच्या मशीनचा आवाज ऐकू आला. आत एक माणूस तोंडाला फडकं बांधून वाकलेला, समोर फळीवर गिटार पालथी. दोन्ही हात कोपरापर्यंत अबोली धुळीने माखलेले. मी सरळ भिंतीकडे गेले आणि प्लग उपटला.

"ओ मॅडम! क्या कर रही हो?"

"बंद. आता हात लावायचा नाही."

"अरे, पीछे का हो गया. आगे का दस मिनट का काम है."

मी गिटार उलटी केली. पुढची बाजू शाबूत होती. पाठ मात्र पूर्ण उघडी, कोरं लाकूड. मी तिथेच एका टायरवर बसले आणि मला रडू आलं. तो बिचारा पेंटर घाबरला. ईश्वरशेठला म्हणाला, "मैंने कुछ नहीं किया, इनके लड़के ने बोला था." त्याला वाटलं मी हौसाबाई.

माझ्या पर्समध्ये लिपस्टिक कधी सापडणार नाही, पण स्क्रू ड्रायव्हर असतो. तारांखालचं पांढरं प्लास्टिकचं पान मी तिथेच उघडलं. वरचा रंग इतक्या वर्षांत थोडा विटून संध्याकाळच्या वेणीसारखा झाला होता. पण पानाखाली, जिथे ऊन पोचलंच नव्हतं, तिथे तो रंग सकाळी तोडलेल्या फुलासारखा होता. म्हणजे कारखान्याचाच, नंतर कोणी मारलेला नाही. मग पिकअप बाहेर काढला. तार सरळ मशीनने गुंडाळलेली नव्हती. कुठे थोडी जास्त, कुठे किंचित तिरकी, माणसाने बोटांनी दाबत नेलेली. खालच्या बाजूला पेन्सिलीने दोन अक्षरं. त्या कारखान्यांत वाइंडिंगला बायका असायच्या, हे मी ऐकून होते. कोण कुठली ती, तिने नावाची दोन अक्षरं टाकून ठेवली होती. मी एकतीस वर्षांत माझ्या एकाही कॉइलवर नाव टाकलं नाही.

तिथेच माझं ठरलं. ही गिटार मी घेणार. कुणासाठी नाही, विकायला नाही. मला पाहिजे.

हौसाबाईंचं घर जवळच होतं. ऐंशीच्या पुढची, काटक, काष्ट्याची साडी नेसलेली आगरी म्हातारी. अंगणात सामानाची खोकी बांधून पडलेली. तिने गिटार हातात घेतली, उलटी केली, आणि कोऱ्या लाकडावरून हात फिरवत राहिली.

मी सगळं सांगितलं. दुकानातली भाषा, माझा समज, माझं चुकलं ते. म्हटलं, "आजी, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या तोंडामुळे हे झालं. ही गिटार होती तशी असती तर तिला फार मोठी किंमत आली असती."

"मना वाटलं, तुमाला बायकी रंग नको असंल," ती म्हणाली. "मालकांना समदे हसायचं. पन ते बोल्लं, माज्या बायकोच्या डोक्यान जी वेनी, तोच रंग. घेतली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय बोलून बसलीस गो!" 'तुमी'चं 'तू' झालं होतं. मला ते बरोबरच वाटलं.

तेवढ्यात तिचा मुलगा जयवंत आला. जमिनीच्या व्यवहारातला माणूस, ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "होती तशी असती तर कितीला गेली असती?" मी मुंबईतल्या जुन्या गिटारी गोळा करणाऱ्या एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्यांच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. आकडा सांगून मी थापा मारते असं कोणाला वाटायला नको. त्याने सांगितलेली किंमत ऐकून जयवंत खाली बसला. एक चांगली गाडी आली असती. मग मी विचारलं, पाठ घासलेली असेल तर? पलीकडून उसासा आला. "अरेरे! मग अर्ध्याच्या आत, ताई."

फोन ठेवल्यावर जयवंत म्हणाला, "म्हणजे तुमच्या एका वाक्यानं आमचे अर्धे पैसे गेले."

"गेले नाहीत," मी म्हटलं. "पूर्ण किंमत मी देते. न घासलेल्या गिटारीची. पण मलाच द्या."

ईश्वरशेठने मागून माझ्या पर्सचा पट्टा ओढला. "ताई, होश में हो? फ्लॅट का क्या?"

"शेठ, गाळ्याचे पैसे तुम्ही कधी देताय ते सांगा."

जयवंत लगेच तयार झाला. म्हातारी नाही झाली. तिने गिटार मांडीवर घेतली आणि विचारलं, "तुना वाजवता येते?"

हा प्रश्न मला एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. सूर लावता येतो. कुठला आवाज कुठल्या कॉइलचा ते सांगता येतं. पण एक गाणं? एक ओळ?

"नाही," मी म्हटलं.

"मंग कशाला घेतंस? कपाटान ठेवाला? ती मी पन ठेवली व्हती."

 खरं ते बोलले. "आजी, मी आयुष्यभर लोकांच्या गिटारी बोलत्या करून परत दिल्या. ही परत द्यायची नाही. ही मला पाहिजे. बस."

तिने गिटारीवरचा हात काढला. मग म्हणाली, "पैशाचं पोराशी बोल. माजी अट येगली हाय. मालक एक चाल वाजवायचं, आमच्या हलदीची. त्यांनीच बसवलेली, तिना शबुद नाय. ती शिक न मना ऐकव. मी हाय तोवर ऐकव."

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवताना थांबला. "म्हणजे आपली दुसरी खोली त्या गिटारीत गेली?" मी म्हटलं, हो. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कपाटाच्या बाजूची लोखंडी खाट हलवली आणि गिटार उभी राहील एवढी जागा केली. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. त्या खोलीत त्याची खुर्ची कुठे ठेवायची हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं.

ईश्वरशेठने गाळ्याचे पैसे दिले, ते मी जयवंतला पोचते केले आणि गिटार घरी आणली. एका कार रंगवणाऱ्याने पाठीला अगदी हुबेहूब अबोली मारून देतो म्हणून सांगितलं. कळणारसुद्धा नाही म्हणाला. मी नको म्हटलं. पाठ मी नुसती मेण लावून ठेवली आहे.

मग अंबरनाथ पश्चिमेलाच एक गिटारचा क्लास लावला. बासष्टाव्या वर्षी. सरांची स्वतःची गिटार मी दोनदा दुरुस्त केलेली, त्यामुळे बिचारे मला ओरडायला कचरायचे. मी म्हटलं, ओरडा हो, फी भरलीय. बोटांच्या टोकांना फोड आले. ज्या बोटांनी केसाएवढी तार जन्मभर सांभाळली, त्यांना सहा जाड तारा दाबवेनात! रोज सकाळी भाजी टाकायच्या आधी अर्धा तास बसायचे. हौसाबाईंनी ती चाल गुणगुणून दाखवली होती, ती फोनवर रेकॉर्ड केलेली. ऐकायची, थांबवायची, तार शोधायची. एक ओळ बसायला पावसाळा गेला. दुसरीला दिवाळी उजाडली.

शेवटी एका रविवारी छोटा स्पीकर पिशवीत घालून मी बदलापूरला गेले. आता ती सहाव्या मजल्यावर राहते. जयवंतने दार उघडलं. म्हातारी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, तरी गिटार जवळ नेल्यावर तिने हात पुढे केला, तारांना नाही, पुढच्या रंगाला. मग हात मागे घेतला आणि डोळे मिटले.

मी सुरुवात केली.  पहिली ओळ संपायच्या आत ती म्हणाली, "चुकलंस."

"कुठे?"

"कुटं काय? घाबरत वाजवतंस. मालक मांडवान ऐटीत उबं रायचं. परत."

परत वाजवली. "घाई करतंस." परत. तिसऱ्यांदा दुसऱ्या ओळीला तिने नुसता हात वर केला, मी थांबले, तिने तो सूर तोंडाने म्हणून दाखवला आणि मी तार बदलली. जयवंत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याने हातातला मोबाइल खिशात ठेवला.

चौथ्या वेळी ती काहीच बोलली नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, चाल संपली. मला वाटलं झोप लागली असेल, म्हणून मी हळूच तारांवर तळवा ठेवला.

डोळे न उघडता ती म्हणाली, "थांबाला कोन बोल्लं?"